कोपऱ्यातला सहा

"माझंच काहीतरी चुकतंय," असं पुटपुटत दाभाडेकाकांनी सुडोकूचं कोडं तिसऱ्यांदा पुसलं. भारतीय संघात सगळ्यांत वयस्कर तेच.

जागतिक स्पर्धेतल्या सांघिक फेरीत एकाच्या कोड्याच्या कोपऱ्यातला आकडा घेऊन दुसऱ्यानं आपलं कोडं सोडवायचं होतं. काकांना सहा सांगितला होता संघातल्याच ऋजुतानं. घाईघाईत, ताळा न करता. आता तिच्याच कोड्यात एका ओळीत दोन सहा तिच्याकडे टकामका बघत होते. कोपऱ्यात नऊ हवा होता!

दोन मिनिटं उरली होती. आत्ता सांगितलं तरी जमलं असतं. पण तिनं कागदावरून मान वर केलीच नाही. घंटा वाजली.

"माझ्यापायी पदक गेलं रे पोरांनो," काका म्हणाले. सगळे त्यांची समजूत घालू लागले. ऋजुतानंही त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं आपला कागद पालथा घातला.