एकदम ठणठणीत

अमेरिकेतल्या ओमाहाच्या डेल्बर्ट ह्रुस्का या निवृत्त सैनिकाला त्याच्या वकीलबाईंनी आठवडाभर एकच गोष्ट बजावली होती: "न्यायाधीशांनी कसे आहात विचारलं, की ठणठणीत म्हणायचं नाही. दुखतंय ते सांगायचं." फौजेत पॅराशूटच्या उडीत मोडलेला त्याचा गुडघा सरकारला भरपाईसाठी मान्य होता. पण त्या लंगडण्यापायीच पुढे पाठ गेली आणि पायाची नस दबली, हे काही केल्या पटत नव्हतं. म्हणून हे अपील.

व्हिडिओवरच्या सुनावणीत पडद्यावर न्यायाधीशबाई दिसल्या आणि जुन्या सवयीने डेल्बर्ट खाडकन सावधानमध्ये उभा राहिला.

"कसे आहात, सार्जंट?"

"एकदम ठणठणीत, मॅडम!"

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला.

"बरं, बसा आता," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"उभाच बरा आहे, मॅडम."

शेजारी बसलेली त्याची बायको मार्लीन उसळली. "डोंबलाचा बरा! कंबर धरलीय त्याची. मी काखेत हात घालून बसवल्याशिवाय बसता यायचं नाही त्याला. डावा पाय बधिर, मोजे रोज मी चढवते, आणि विचारेल त्याला हा ठणठणीत सांगतो!"

"अगं, फौजेत रडगाणं गात नाहीत," डेल्बर्ट पुटपुटला.

न्यायाधीशबाई खळखळून हसल्या. "मला सांगताय? मी नौदलात होते."

मग त्यांनी कॅमेरा जरा खाली वळवला. त्यांच्या उंच टेबलामागे खुर्चीच नव्हती. सकाळपासूनच्या सगळ्या सुनावण्या त्यांनी उभ्यानेच घेतल्या होत्या.

"मीपण एकदम ठणठणीत आहे, सार्जंट," त्या स्वतःची कंबर दाबत म्हणाल्या. "आता खरं बोला."