हुक्का-पाणी

संतरानं जातीबाहेर लग्न केलं आणि पंचायतीनं तिच्या बापाचं हुक्का-पाणी तोडलं, त्याला वाळीत टाकलं. नऊ वर्षं गावात त्याच्या बाजेवर कुणी टेकलं नाही. यंदा दरियावसिंहाची फुफ्फुसं कामातून गेली, तेव्हाही गावातलं कुत्रं फिरकलं नाही. रोहतकला छातीच्या वॉर्डात नर्स असलेली संतराच सुट्टी टाकून, ऑक्सिजनचं मशीन घेऊन आली. बापाला उशांवर बसतं ठेवायची, पाठ थोपटून कफ सुटा करायची, फुंकर घालत श्वास सोडायला शिकवायची. महिन्याभरात तो चार घास खायला लागला.

आज पंचायतीचा चौधरी रिसालसिंह चार म्हाताऱ्यांसोबत पेटता हुक्का घेऊन दारात उभा राहिला.

"दरियाव, मरायच्या आधी तरी बिरादरीत ये. ओढ."

संतरा आडवी आली. "ताऊ, एक झुरका बापूचा जीव घेईल."

"जीव तर जाणारच आहे. खांदा द्यायला चौघं नकोत?" चौधरीनं तिच्याकडे न बघता विचारलं, "ही कोण रे, दरियाव? तीच असेल तर आम्ही निघालो."

दरियावसिंहानं नाकातली नळी स्वतःच ओढून काढली.

"ही? नर्स आहे. सरकारी इस्पितळानं पाठवलीय."

चिलमीत निखारे फुलले होते. ऑक्सिजनजवळ विस्तव चालत नाही, हे कुठल्याही नर्सला कळतं. संतरानं मशीन बंद केलं आणि बाजूला सरकून हुक्क्याला वाट दिली.