गरम भरलेली बरणी

चंपतरावांना दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तिनेच चिरलेल्या कैरीच्या फोडी गच्चीवर वाळत होत्या. घरी माणसं जमायच्या आधी त्यांनी भर दुपारी फोडी खाली आणल्या, बरणीत भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. निदान एवढं तरी वाया जाऊ नये, इतकंच त्यांना सुचलं. तेरवीनंतर लेकीने बरणी उघडली, तर फोडींवर बुरशी चढलेली. “बाबा, गरमच भरल्या काय जी? आई तं रातभर परातीत थंड करे.” “मले काय ठाऊक वं? तिनं कधी सांगितलंच नाही.” “तुम्ही कधी विचारलं? जनमभर नुसत्या खाल्ल्या.” बोलून गेल्यावर तिलाच रडू फुटलं. डोळे पुसून तिने बरणी उचलली. “राहू दे,” चंपतराव म्हणाले, “मी फेकतो.” ती सासरी गेली त्याला महिना झाला. बरणीतल्या फोडी अजून फेकायच्या राहिल्या आहेत.