दहापैकी किती

लहानपणी भुताचा सिनेमा पाहताना मी वडिलांच्या बाहीत तोंड लपवत असे. हे गेले त्या हिवाळ्यात नातीने खेळ काढला: महिनाभर रोज एक भीतिपट, ती तिच्या घरी, मी माझ्या. तीनला सुरू करायचा आणि पाचच्या ठोक्याला भीतीचे गुण फोनवर कळवायचे. सहा हिवाळे झाले, पण दहापैकी दहा अजून दोघींनीही दिलेले नाहीत. मी तर चारच्या वर जातच नाही.

"आजी, तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"तीस वर्षं सासूबाईंसोबत काढलीत," मी म्हणते.

आज विसावा सिनेमा. तो संपता संपता माझ्या फोनची बॅटरी संपली. गुण उद्या सांगू, असं म्हणून मी बसून राहिले.

साडेपाचला माझ्या घराच्या कुलपात किल्ली फिरली. घरात मी एकटीच असते. पावलं थेट माझ्या खोलीकडे येऊ लागली. मी काठी उगारून दाराआड उभी राहिले.

दार उघडलं. शेजारीण होती. चेहरा पांढराफटक, एका हातात नातीने गुपचूप देऊन ठेवलेली किल्ली, दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"आहेत गं, आहेत," ती फोनवर म्हणाली. "काठी घेऊन उभ्या आहेत." मग तिने फोन माझ्याकडे दिला.

"मी तीन दिले," मी म्हणाले. "तू किती?"

 

नातीला बराच वेळ हुंदका आवरेना. मग म्हणाली, "दहा."