डावीकडून तिसरा

कोर्नेलियाने फोटो टेबलावर ठेवला, पण आज वही उघडली नाही.

वुन्शेबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. गेले पाच गुरुवार ही मुलगी दुपारी तीनच्या ठोक्याला यायची, कोट काढायच्या आधीच वही उघडायची आणि म्हणायची, "हं, सांगा." इंगोलश्टाटच्या मोटार कंपनीने तिला इतिहास लिहायला पाठवलं होतं. युद्धाआधी त्या गाड्या इथेच, त्स्विकाउला बनत. मग रशियनांनी यंत्रं उचलून नेली, माणसं बव्हेरियात, इंगोलश्टाटला गेली आणि तिथे गाड्यांवर तीच चार कड्यांची खूण लावून त्यांनी नव्याने संसार मांडला. आता बर्लिनची भिंत पडल्यावर कंपनीला आपलं माहेर आठवलं होतं. आणि माहेरी जुन्यांपैकी तोंड उघडणारी होती ती शिवणखात्यातली सत्त्याहत्तर वर्षांची एक बाई.

"आधी केक घे. खसखशीचा आहे."

"नको, वुन्शेबाई. हा बघा."

फोटो रंगखात्यातला होता, अडतीस सालचा. बिनरंगाच्या गाडीभोवती बारा पोरं हसत उभी. कोर्नेलियाने डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोण म्हणालात?"

"लोथार हार्निश. सांगितलं की तुला. शिट्टी वाजवत काम करायचा. एकोणीस वर्षांचा होता."

"याचं नाव वाल्टर क्नोप आहे. हा हानोफरला राहतो. आमच्या मासिकात हा फोटो छापला होता, तो बघून त्याचं पत्र आलंय. विचारतो, माझ्या तोंडाखाली दुसऱ्याचं नाव का?"

वुन्शेबाई सुरी घेऊन केक कापू लागल्या. एक तुकडा कापला, दुसरा कापला, तिसरा कापला. खाणारी माणसं दोनच होती.

"मी हजेरीपट पाहिले," कोर्नेलिया म्हणाली. "लोथार हार्निश कारखान्यात कधी नव्हताच. आणखी दहा नावंही सापडत नाहीत. सोमवारी पुस्तक छापायला जातंय. मला खरं सांगा, बाई."

"शिवणखात्यातल्या सगळ्या खऱ्या आहेत." बाईंनी सुरी खाली ठेवली. "गेर्ट्रूड, दोन्ही मार्था, ती तिरळी इल्झे, सगळ्या. चौदा जणींमध्ये बसून मी गाड्यांच्या गाद्या शिवल्यात. पण रंगखात्यात आम्हाला कोण जाऊ देणार? तिथली पोरं मी फक्त फाटकात बघितली."

"मग नावं आणलीत कुठून?"

"कबरस्तानातून. रविवारी नवऱ्याच्या थडग्यावर पाणी घालायला जाते, तेव्हा आजूबाजूची वाचून ठेवायचे."

कोर्नेलियाला हसू आलं. ते तिने गिळलं, आणि मग तिला रागही आला. "पण का? पहिल्या दिवशीच 'आठवत नाही' म्हणाला असतात तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"खाल्लं नसतंस. उठून गेली असतीस."

खाली रस्त्यावरून एक ट्राम गेली. कपाटातले पेले किणकिणले आणि थांबले. कोर्नेलियाने वही उघडली आणि एकेका नावावर रेघ मारू लागली. नाव ती मोठ्याने वाचायची, बाई मान हलवायच्या, की रेघ. दहा झाली. अकराव्यापाशी तिचं पेन थांबलं.

"हा लोथारसुद्धा कबरस्तानातला?"

"त्याची कबर कुठे आहे?" वुन्शेबाई म्हणाल्या. "बेचाळीसमध्ये रशियात लढायला गेला. सैन्याचा कागद आला, बेपत्ता म्हणून. माझा धाकटा भाऊ. आईचं घर बाँबमध्ये जळालं, त्यात त्याचे सगळे फोटो गेले. एक राहिला नाही. आणि तू हा पुढ्यात टाकलास. हे असे बाहेर आलेले कान, ही मान वाकडी करून उभं राहायची तऱ्हा. मला माहीत होतं तो नाही म्हणून. तरी तू विचारलंस, हा कोण? माझ्या तोंडून निघून गेलं."

कोर्नेलियाने पेन वहीवर आडवं ठेवलं.

"राहू दे ना तसंच," बाई हळूच म्हणाल्या. "एवढ्या जाड पुस्तकात एक नाव. कोणाचं काय जातंय?"

"तो माणूस जिवंत आहे, बाई. त्याचं तोंड आहे ते."

"हो. तेही खरंच." त्यांनी फोटो तिच्याकडे सरकवला. "मार रेघ."

कोर्नेलियाने रेघ मारली. वही मिटली, कोट घातला. पुढच्या गुरुवारचं ती काही बोलली नाही, बाईंनीही विचारलं नाही. ती दाराशी गेल्यावर मात्र बाईंना राहवलं नाही.

"कसा दिसतो गं तो आता? तो क्नोप?"

कोर्नेलिया क्षणभर घुटमळली. मग तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. पत्रासोबत म्हाताऱ्याने स्वतःचा रंगीत फोटो पाठवला होता, ओळख पटावी म्हणून. बागेत उभा, पोट सुटलेलं, डोक्यावर एक केस नाही, कानात ऐकायचं यंत्र, दोन्ही हातांत भलामोठा भोपळा. मान वाकडी.

वुन्शेबाईंनी चष्मा पुसला आणि फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. कोर्नेलियाने कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"आई म्हणायचीच," बाई म्हणाल्या, "याचे केस काही टिकायचे नाहीत."