जांभळ्या रेघा

“नाक तसं मोठं नाहीच,” डॉक्टर म्हणाले. “हनुवटी मागे आहे, म्हणून ते मोठं दिसतं.”

दोघी बहिणींचे हात एकदमच हनुवटीकडे गेले.

आता घ्या! आल्या होत्या नाक दाखवायला आणि पकडली गेली हनुवटी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नाक करून घ्यायचं होतं धाकटीला. मोठी नुसती सोबतीला आली होती. मोठी तरी कसली, जुळ्यातली आधी बाहेर आलेली, एवढंच. दोघींचं नाक एक, हनुवटी एक, हसताना डावीकडे वर जाणारा ओठसुद्धा एक. कॉलनीत त्यांना ‘झेरॉक्स’च म्हणत. त्यातली मूळ प्रत कुठली, ते आईलाही कधी कधी विचारावं लागे.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. बोटॉक्सनं स्नायू सैल पडतो, म्हणून सुरकुती दिसत नाही. फिलर म्हणजे भर, खोलगट जागेत घालायची. ही दोन्ही सुईची कामं, काही महिन्यांनी उतरतात. राइनोप्लास्टी म्हणजे नाकाची शस्त्रक्रिया, ती मात्र कायमची. मधलं हाड घासायचं, टोक थोडं उचलायचं.

धाकटी मान डोलावत होती. तिला हे सगळं पाठ होतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवता बसवता तिनं स्वतःच्या नाकाचा धसकाच घेतला होता. बाजूनं फोटो म्हणून कुणाला काढू देत नसे.

मोठीच्या डोक्यात मात्र नुसता गोंधळ. “म्हणजे भरायचं कुठं आणि घासायचं कुठं?”

“अगं, घरी सांगते तुला. गप बैस.”

“पण एवढं काय वाईट आहे गं त्यात?”

“तुला नाही कळायचं.”

हे मात्र मोठीला लागलं. तेच नाक घेऊन जी जन्मभर हिंडली, तिला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?

तेवढ्यात नर्सनं धाकटीला शेजारच्या खोलीत नेलं. आधीचे फोटो काढायचे होते. डॉक्टरांना फोन आला, ते बोलत बोलत बाहेर गेले. परत आले ते थेट स्टूल ओढून मोठीच्या समोर बसले आणि जांभळ्या पेनाचं टोपण काढलं.

“चला, खुणा करून दाखवतो, म्हणजे नीट लक्षात येईल. मान वर.”

“अहो डॉक्टर, मी—”

“बोलू नका, रेघ हलते.”

एक बहीण हिरव्या कपड्यांत आणि एक पिवळ्या, पण कपड्यांकडे बघतंय कोण! डॉक्टरांचा सगळा जीव नाकात. मोठीला हात धरून त्यांना थांबवता आलं असतं. तिनं थांबवलं नाही. बघूच दे, म्हटलं, काय एवढं बिघडलंय ते.

पेन गार होतं. नाकाच्या मधोमध एक आडवी रेघ आली. “हा उंचवटा.” टोकाला वर जाणारा बाण. “हे खाली झुकलंय.” दोन्ही नाकपुड्यांना कंस. “या किंचित रुंद.” हनुवटीवर फुली. “इथं भर हवी. पापण्या अजून ठीक आहेत. पुढेमागे त्यांचीही जादा कातडी काढता येते, ब्लेफरोप्लास्टी म्हणतात तिला.” आणि त्यांनी तिच्या हातात आरसा दिला.

सकाळी घरून निघाला तेव्हा हा चेहरा चांगला धडधाकट होता. आता रस्ता खणायच्या आधी करतात तशा खुणा त्याच्यावर. हे नाक तिचं की धाकटीचं, तिला कळेना. आणि धाकटीचं हे सगळं गेलं, की हा उंचवटा, हे झुकलेलं टोक एकट्या तिच्याच पदरात राहणार. डोळे भरून आले.

दार उघडलं. धाकटी आत आली आणि जागीच थबकली.

“हे काय केलंत तिच्या तोंडाचं?”

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पेन हातात तसंच. “अरे... म्हणजे तुम्ही... सॉरी, मला वाटलं—”

“काय वाटलं? काय झालंय तिच्या नाकाला? चांगलं छान नाक आहे! कुणी सांगितलं तुम्हाला ते वाईट आहे म्हणून?”

“तुम्हीच,” डॉक्टर गोंधळून म्हणाले.



धाकटीनं ट्रेमधला कापूस घेतला, स्पिरिटच्या बाटलीत बुडवला आणि मोठीची हनुवटी धरून तिचं नाक पुसायला लागली.

“सावकाश हं,” नर्स म्हणाली. “ती शाई लगेच जात नाही. दोन-तीन दिवस राहते.”

धाकटी पुसतच राहिली. नाक लाल झालं. रेघा फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत.

“जाऊ दे गं,” मोठी म्हणाली.

“गप बैस. हलू नकोस.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. दुसरं स्टूल जरा पुढे सरकवलं. “मग... तुम्ही बसताय ना? तुमच्या खुणा करून घेऊ.”

“थांबा हो,” मागे न बघता धाकटी म्हणाली. “आधी हिचं पुसून होऊ दे.”