शेऱ्याचा रकाना

'न्हावरे केंद्रावरील दहा वर्षांच्या पर्जन्यनोंदी निरीक्षकाच्या हयगयीमुळे अविश्वसनीय ठरल्या असून हवामानबदलाच्या अभ्यासातून त्या वगळण्यात येत आहेत.'

शिरूरच्या भूदिशा या भूगोलप्रेमींच्या मंडळाच्या २००४ सालच्या अहवालातले हे वाक्य चिटणीस मारुतरावांनी स्वतः घडवले होते, आणि 'हयगय' हा शब्द सुचल्याबद्दल ते स्वतःवर काहीसे खूषही होते. पुरावा सरळ होता. त्याच तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्यात पाऊस होता तेवढाच राहिला. न्हावऱ्यात मात्र वर्षागणिक घटत गेला. ढग काही वेस पाहून बरसत नाहीत. तेव्हा मोजणारी बाई खोटी.

अहवालाच्या मुखपृष्ठावर हिमनदीच्या मुखाशी झेंडा धरून उभे मारुतराव होते. मंडळाची शोधमोहीम तिथवर चारदा पोहोचली होती. न्हावऱ्याला, एस.टी.ने पाऊण तासावर, ते पर्जन्यमापक बसवल्यानंतर आज प्रथमच येत होते. तेही यंत्र उपटून दौंड तालुक्यातल्या खुटबावला हलवण्यासाठी.

सकाळचे सव्वाआठ. रात्री पाऊस झाला होता. मारुतराव निरीक्षक ताईबाईच्या अंगणात शिरले, तोच कुंपणाशी गावातल्या हौसरावाने दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल थांबवली.

"घावला का पाऊसचोर, सर? आमी म्हणतोय, ताईबाईनं रांजणात दडवला आसंल."

"दाजी, दूध घालाय जावा. नासंल," ताईबाई म्हणाली. अहवाल शाळेत वाचला गेल्यापासून पंधरा दिवस ती हा विनोद ऐकत होती.

मारुतरावांनी यंत्राकडे पाहिले, मग वर पाहिले. यंत्रावर कडुनिंबाने छत्र धरले होते.

अडथळा यंत्रापासून आपल्या उंचीच्या दुपटीहून जवळ नसावा, हे वाक्य त्यांनी भूगोलाच्या तासाला तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. उद्घाटनाच्या दिवशी मात्र यंत्र आणि वृक्षारोपण ही दोन्ही एकाच फोटोत यावीत म्हणून रोप चार पावलांवर लावले गेले. फोटो उत्तम आला होता.

"एवढं वाढलं?" त्यांच्या तोंडून निघून गेले.

"वाढंल न्हाई तर काय. रोज कळशी घातलीया. रोपाची निगा राखावी, तुमच्याच कागदात हाय. कलम पाच."

"मग फांद्या तरी तोडायच्या होत्यात, ताईबाई."

"कलम चार," ती म्हणाली. "लेखी परवानगीबिगर यंत्राभवती काय बी हलवायचं न्हाई. म्हणून इचारलं."

"कधी?"

ती आत गेली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. तारीख, वेळ, मिलिमीटर, शेरा. चार रकाने, सातवी शिकलेल्या बाईचे टपोरे अक्षर. '३ जुलै १९९८. निंबाची फांदी भांड्यावर आली आहे. तोडू का?' '११ सप्टेंबर २००१. पाऊस झाडावर पडतो, भांड्यात कमी येतो. तोडू का?' '२० जून २००३. तोडू का?'

याच नोंदींची प्रत दर महिन्याला टपालाने मंडळात पोहोचत असे. कागद फाइलीहून रुंद होता. तेव्हा मारुतरावांच्याच सांगण्यावरून त्याचा शेवटचा रकाना मागे दुमडला जाई. आलेखाला आकडे तेवढे लागत.

ते पाने उलटत गेले. मनाशी 'तोडू का?' मोजत गेले.

"पुढच्या अहवालात दुरुस्ती छापू," ते वहीकडेच पाहत म्हणाले.

"पुढचा कवा निघतो?"

"वर्षाने."

"म्हंजी तंवर मी चोरच."

घरातल्या घड्याळाकडे नजर टाकून ताईबाईने काचेचे मोजपात्र त्यांच्या हातात दिले, वर पेन ठेवले.

"साडेआठ झालं. मला काढलंय, तवा आजची नोंद तुमी करा. चारी रकाने भरा, सर. मी एक दिस बी मोकळा सोडला न्हाई."

त्यांनी पाणी मोजले. तारीख लिहिली, वेळ लिहिली, 'दोन मिलिमीटर' लिहिले. अंगणातली उघड्यावरची रिकामी बादली रात्रीतून बोटभर भरली होती. चौथ्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबले, मग चालू लागले.

हौसराव अजून गेला नव्हता.

"आता वाचा मोठ्यानं," ताईबाई म्हणाली. "दाजींना ऐकू जाऊ द्या."

तीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेला आवाज कुंपणापर्यंत जेमतेम गेला:

"'झाड मी लावले. तोडू का, असे निरीक्षकाने एकोणीस वेळा विचारले. मी एकदाही वाचले नाही.'"